परमेश्वरचं रगत

जाफराबादच्या जीप स्टँडावर परमेश्वर कोणता, हे कोणाला विचारावं लागत नाही. जीपच्या बॉनेटला टेकून जो बोलत असेल आणि ज्याचं बोलणं चहाच्या गाडीवर, पलीकडच्या खताच्या दुकानात आणि सुटायला टेकलेल्या एसटीतसुद्धा ऐकू जात असेल, तो परमेश्वर. नाव देवाचं ठेवलं यात आईबापांचा दोष नाही. बारशाच्या दिवशी सगळीच पोरं सारखी दिसतात.

त्याचा बाप मेंढरं राखायचा. आजाही तेच. दिवसदिवस रानात काढायचे आणि मेंढराला हाक मारण्यापलीकडे तोंड उघडायचे नाहीत. पिढ्यानपिढ्या असं न बोलता जे साठलं, ते सगळं परमेश्वरनं एकट्यानं उधळायला काढलंय. मेंढरं विकून त्यानं जीप घेतली आणि तेव्हापासून जाफराबाद ते भोकरदन हा रस्ता त्याच्या मते त्याच्या बापाचा झाला.

बोलण्यात त्याचा लाडका शब्द एकच, रगत. दुसरी गाडी पुढं गेली की, "माझं रगत सळसळून राह्यलं बरं का!" एखाद्या म्हातारीनं भाड्यात दोन रुपये कमी करायला सांगितले की, "बाई, रगत आटवून घेतली गाडी." भुताचा विषय निघाला की, "आमच्या रगतातच न्हाई भ्यायचं." आता खरी गोष्ट सांगतो. न्हाव्याचा वस्तरा एकदा हनुवटीला निसटता लागला, तर हा गडी खुर्चीचे दोन्ही हात धरून डोळे पांढरे करून बसला होता. लसीच्या दिवसांत शहागडला बहिणीकडं पळाला आणि तिथं लस द्यायला माणसं आली तेव्हा गोदावरीच्या पात्रात अंघोळीला म्हणून उतरला, तो ती माणसं परत जाईपर्यंत वर आला नाही. स्टँडावर हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडावर कोणी बोलत नाही, कारण संध्याकाळी त्याच्याच जीपमध्ये कोंबून घरी जायचं असतं.

ह्या माणसाला शिवकन्येसारखी बायको मिळाली. तिच्या बाबतीत देवाचा हिशेब कुठंतरी चुकलेला आहे, असं माझं जुनं मत आहे. कामाला वाघीण, तोंडानं गरीब. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र ती वाळत चालली होती. अंगण झाडता झाडता मध्येच उंबऱ्यावर बसायची. नखं खडूसारखी पांढरी. येता-जाता कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं, की शेजारणींनी त्यावर बोलायचंसुद्धा सोडून दिलं होतं. आणि परमेश्वर स्टँडावर सांगायचा, "आळस हाये, बाकी काही न्हाई. बायांला बसायला बहाणाच लागतो." स्वतः हा दिवसभर बसूनच कमावतो, हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

ह्या मे महिन्यात शिवकन्येची थोरली बहीण जयवंताबाई पिंपळगाव रेणुकाईहून देवीचा प्रसाद घेऊन आली. तिनं बहिणीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली आणि प्रसाद बाजूला ठेवला.

"दाजी, ह्या पोरीच्या अंगात रगत हाये का कण्या धुतलेलं पाणी?"

"अक्का, तुम्ही उगंच..."

"गाडी काढा. जालन्याला जायचं."

जयवंताबाईपुढं परमेश्वरची गाडी कधी चढ घेत नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की गर्भपिशवीत मोठी गाठ आहे. पिशवी काढावी लागेल. पण अंगात रक्त हवं त्याच्या निम्मंही नाही, तेव्हा आधी दोन पिशव्या रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. आणि उन्हाळ्यात रक्तपेढी आटलेली असते. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, देणारे लग्नाच्या पंगतीत. घरचे दोघं जण येऊन देतील तर पेढीत भर पडेल. नाही आले तरी आम्ही शोधू, पण शोधण्यात वेळ जाईल आणि हिच्याजवळ तोच फार नाही. हे डॉक्टर परमेश्वरकडं बघून म्हणाले. परमेश्वर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

शिवकन्येला दवाखान्यात ठेवून, जयवंताबाईला तिच्याजवळ बसवून परमेश्वर जाफराबादला परत आला आणि बॉनेटला टेकला.

"पिशवी काढायची म्हणले. अन् दोन पिशव्या भरायच्या म्हणले."

"एक काढायला दोन भरायच्या?" सांडूनं विचारलं. सांडू हा स्टँडावरचा म्हातारा सल्लागार. न विचारता सल्ला देतो आणि विचारलं तर दोन देतो.

"रगताच्या, रगताच्या! अरे, दोन पिशव्या काय, बादली आणा म्हणावं, बादली! उद्याच्याला जाऊन देऊन येतो."

पलीकडं स्वतःच्या जीपची काच पुसत रामप्रसाद उभा होता. त्यानं ऐकलं आणि हॉर्न वाजवला. परमेश्वरनं जीपमध्ये हात घालून उलट दोनदा वाजवला. इथं थोडं सांगायला हवं. ह्या दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय, त्याला बरीच वर्षं झाली. कारण विचाराल तर तुम्हाला माणसांबद्दल उरलीसुरली आशा राहणार नाही. दोघांच्याही काचेवर 'रेणुकामाता प्रसन्न' लिहिलंय आणि आधी कोणी लिहिलं याचा निकाल अजून लागलेला नाही. तेव्हापासून ते हॉर्ननं बोलतात. फारच मोठा मजकूर असेल तर तिसऱ्याला मध्ये घालतात.

दुसऱ्या दिवशी मला डोळे दाखवायला जालन्याला जायचंच होतं. खरं म्हणजे डोळे अजून महिनाभर थांबले असते. पण परमेश्वरचं रगत बाहेर येताना बघायची संधी डोळ्यांना पुन्हा मिळाली नसती.

सकाळी हा माणूस डोक्यावरून अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पांढरा सदरा घालून आला. तोंड सुकलेलं.

"चहा घेतो का?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई. काल रातच्यापासून पाण्याचा थेंब घेतला न्हाई, आबा. दान हाये ते. रक्त-दान. दान कधी जेवून करतेत का?"

"बराबर हाये," सांडू म्हणाला. "मी शुगर तपासायला जातो तवा बाई पयलं हेच इचारती, उपाशी आला का? रगताचं काम उपाशीपोटीच असतं."

असे हे दोन शहाणे. एकानं 'दान' ह्या शब्दाला सोवळं नेसवलं आणि दुसऱ्यानं तपासायला घेतलेलं चमचाभर रक्त आणि पिशवी भरून दिलेलं रक्त एकाच पंगतीत बसवलं. आपल्या भागात ही चूक घरोघर होते. दान म्हटलं की माणूस आधी ताटावरून उठतो. कन्यादान करणारा बाप लग्न लागेपर्यंत उपाशी असतो, मग रक्ताचं दान करणाऱ्यानं धपाटे खाऊन कसं जायचं? मला त्या वेळी नक्की माहीत नव्हतं, पण शंका आली होती. बोललो नाही. एवढ्या उत्साहात निघालेल्या माणसाला मध्ये अडवलं तर पुढची मजा जाते.

उन्हात तापलेल्या जीपमधून, टेंभुर्णीला दोन माणसं जास्तीची कोंबून, आम्ही जालन्याला पोचलो. रक्तपेढीच्या बाकावर जयवंताबाई पदरानं वारा घेत बसली होती. तोंड लाल.

"अक्का, तुम्ही इथं कामून?"

"द्यायला आल्ते. घेतलं न्हाई माझं. बोट टोचून बघितलं तर हिमोग्लोबिन का काय ते अकरा निघालं. साडेबारा लागतंय म्हणे." ती परमेश्वरकडं असं बघत होती, जणू तिचं दीड त्यानंच चोरलंय. "जल्मभर उरलंसुरलं खाल्लं ना आम्ही बायांनी. दुसऱ्याला द्यायला कुठून येईल? गोळ्या खा अन् पुन्हा ये म्हणली ती पोरगी. पण तवर हिचं काय? आता तुम्हीच हायेत, दाजी. जा आत."

आत जान्हवी नावाची मुलगी होती. वयानं लहान, पण चेहऱ्यावर असा शांतपणा, की रोज दहा परमेश्वर बघत असावी. तिनं वजन घेतलं. पंचेचाळीस किलोच्या खाली असेल तर घेत नाही म्हणाली. परमेश्वर काट्यावर छाती फुगवून उभा राहिला, जणू फुगवल्यानं काटा पुढं जातो.

"सकाळपासून काय खाल्लंय?" तिनं विचारलं.

ह्या प्रश्नाची तो वाटच बघत होता. "काही न्हाई! पाणी सुदिक न्हाई. एकदम कडक."

"मग नाही घेता येणार."

"आं?"

"उपाशी माणसाचं घेतलं तर चक्कर येते. नीट जेवा, भरपूर पाणी प्या, दोन-तीन तासांनी या. तळकट नको."

परमेश्वरच्या तोंडावर अपमान झाल्याचं दुःख आणि सुटल्याचा आनंद यांची मोठी झटापट झाली. आनंद जिंकला. "ठीक हाये, तुम्ही म्हणता तर," असं म्हणून तो इतक्या जल्दी बाहेर पडला, की जयवंताबाईला दिसलासुद्धा नाही.

दुपारी परत आला तेव्हा तो यायच्या आधी त्याचा वास आला.

"दाजी," जयवंताबाई उठून उभीच राहिली, "तोंडाला वास कशाचा येऊन राह्यला?"

"औषध हाये, अक्का. थोडं हिंमतीचं."

जान्हवीनं त्याला दारातूनच परत फिरवलं. दारू घेतलेल्या माणसाचं त्या दिवशी तरी घेत नाहीत, म्हणाली. त्यावर ह्या माणसानं जे उत्तर दिलं, ते मी जिवंत असेपर्यंत विसरणार नाही.

"उलट सोपं जाईल ना, ताई. दारूनं रगत पातळ होतं. पिशवी जल्दी भरंल."

जान्हवी हसली नाही. जयवंताबाई तर नाहीच. मी मात्र खांबाच्या मागं जाऊन हसून घेतलं. पण पुढं जे झालं त्यानं माझं हसू उतरलं. परमेश्वर वॉर्डात बायकोला भेटायला गेला. बाहेर जालन्याचं ऊन लोखंड वितळवत होतं आणि ती खाटेवर चादर गळ्यापर्यंत ओढून पडली होती.

"झालं का?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक, की परमेश्वरला वाकावं लागलं.

"त्यांचं मशीन बंद हाये आज. उद्याच्याला या म्हणले."

शिवकन्येनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. वास तिलाही आला असणारच.  चादर हनुवटीपर्यंत ओढत ती म्हणाली, "तेवढा पंखा बंद करा. थंडी वाजून राह्यली."

मे महिन्यात. मला वाटतं, त्याच घडीला परमेश्वरला कळलं असावं की आळस कशाला म्हणतात आणि मरण कशाला. कळलं असावं म्हणतो, कारण तोंडावर काही दिसलं नाही. पंखा बंद करून तो बाहेर आला आणि पायरीवर बसला. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं. जयवंताबाई त्याच्याजवळ गेली. मला वाटलं आता ओरडेल, पण ती हळू बोलली आणि ते जास्त वाईट होतं.

"दाजी, तुमच्या तोंडात दिवसभर रगत असतं. एक दिवस अंगात हाये का, ते दाखवा."

मी मुक्कामाला पुतण्याकडं गेलो आणि स्टँडावर फोन लावला. गोष्ट गरम असताना वाढावी, नाहीतर चव जाते. उपास सांगितला, हिंमतीचं औषध सांगितलं, पातळ रगत तर दोनदा सांगायला लावलं लोकांनी. हसणं ओसरलं तेव्हा शेवटी पंख्याचं सांगितलं.  मग फोनमधून एक हॉर्न ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी परमेश्वर आणि मी पेढीवर पोचलो तर बाकावर रामप्रसाद बसलेला. भाकर-पिठलं घरूनच खाऊन निघालेला, हातात पाण्याची बाटली. ह्यापूर्वी त्यानंही कधी रक्त दिलेलं नव्हतं. परमेश्वरला बघून त्यानं मान दुसरीकडं वळवली आणि मला म्हणाला, "आबा, त्यांला सांगा, मी कोणासाठी आलो न्हाई. पेढीत रगत कमी हाये म्हणून आलोय."

"आबा," परमेश्वर म्हणाला, "त्यांला सांगा, जालना कोणाच्या बापाचं न्हाई. कोणीबी येऊ शकतं."

रामप्रसाद आत गेला. आम्ही बसलो. परमेश्वरचा पाय हलत होता. एवढ्या वेळात मी तपकीर ओढली, एका बाईला वॉर्डाचा रस्ता दाखवला, तोवर रामप्रसाद हाताला पट्टी लावून, बिस्किटाचा तुकडा चघळत बाहेर आला.

"आबा, त्यांला सांगा, सुई मुंगीयेवढी चावती. नवीकोरी असती, आपल्यासमोर फोडतेत."

"मुंगीचं भ्या कोणाला हाये?" असं म्हणून परमेश्वर उठला. बायकोच्या जिवासाठी जो काल उठला नाही, तो रामप्रसादच्या बिस्किटासाठी उठला. जगात सगळी कामं अशीच होत असतील का, हा विचार मला तेव्हापासून छळतो.

जयवंताबाई आणि मी दारात उभे राहिलो. जान्हवीनं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. झोप झाली का, काय खाल्लं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कावीळ झाली होती का, अंगावर नवीन गोंदवलंय का. खरं खरं सांगा म्हणाली, इथं लपवलेलं दुसऱ्याच्या अंगात जातं. परमेश्वरनं सगळ्याला सरळ उत्तरं दिली. त्याला सरळ बोलता येतं, हे मी पहिल्यांदाच बघितलं. रक्तदाब बघितला, बोट टोचलं. बोट टोचताना त्यानं "आई" म्हटलं, पण ते आपण सोडून देऊ.

मग तो एकदम उठून बसला. "ताई, माझं तिलाच चढवणार ना?"

"नाही. तुमचं आधी तपासणार. मग ज्याला जुळेल त्याला जाईल. तुमच्या मिसेससाठी त्यांच्या गटाची वेगळी पिशवी काढून ठेवलीये, दुपारी लावतील. दुसरीही लागली की देऊ."

"मंग माझं कोणाला?"

"ते मला माहीत नाही."

"अन् त्याचं?" त्यानं हनुवटीनं बाहेर दाखवलं.

"त्याचंही माहीत नाही. आणि माहीत असलं तरी सांगत नाही."

परमेश्वर विचारात पडला. पडू नये तिथं तो नेहमीच पडतो. "म्हंजी त्याचं रगत... उद्या... आमच्या हिला...?"

"सांगत नाही म्हटलं ना," जान्हवी म्हणाली आणि त्याच्या दंडाला पट्टा आवळला.

"अहो, पण..."

"झोपा."

तो झोपला. डोळे घट्ट मिटून, दुसऱ्या हातात खाटेची कड धरून, देवीचं नाव घेत. जान्हवीनं हातात मऊ चेंडू दिला आणि हळूहळू दाबत राहा म्हणाली, तर हा सरबतवाल्यानं लिंबू पिळावं तसा पिळायला लागला. सुई गेलेली त्याला कळलीसुद्धा नाही. पिशवी भरत होती, खाली एक यंत्र तिला पाळण्यासारखं झुलवत होतं आणि हा अजून विचारत होता, "टोचणार कवा?"

"दाजी," जयवंताबाई दारातून म्हणाली, "बादली भरत आली."

त्यानं एक डोळा उघडला. नळीतून जाणारं आपलं रक्त बघितलं. डोळा मिटला. 

फार वेळ लागला नाही. बायकांना चार-पाच भाकरी थापून भाजायला जेवढा लागतो, तेवढाच. जान्हवीनं सुई काढली, कापूस दाबला, पट्टी लावली आणि म्हणाली, "पडून राहा थोडं. मग सावकाश उठायचं, बाहेर बसून सरबत आणि बिस्किटं घ्यायची, दहा-पंधरा मिनिटं तरी हलायचं नाही."

"रामप्रसाद किती बसला?"

"बसले ना ते, नीट बसले."

"मंग मी न्हाई बसत," परमेश्वर म्हणाला आणि उडी मारून उठला. छाती काढून बाहेर आला. रामप्रसादच्या समोरून, त्याच्याकडं न बघता, सरबताला हात न लावता, लांब लांब टांगा टाकत व्हरांड्यात निघाला. चार-पाच टांगा बऱ्या पडल्या. मग वळला, बहुतेक काहीतरी बोलायला, आणि गहू भरलेलं पोतं कडेनं कलावं तसा कलला.

खाली पडला असता तर डोकं फुटलं असतं. रामप्रसाद मध्ये आला म्हणून वाचला. त्यानं ह्याला पट्टी नसलेल्या हातानं कवेत धरला, हळूच फरशीवर लोळवला आणि जान्हवीनं ओरडून सांगितलं तसे पाय उचलून बिस्किटाच्या खोक्यावर ठेवले. थोड्या वेळानं परमेश्वरनं डोळे उघडले. वर रामप्रसादचं तोंड.

"कोण पडलं?" परमेश्वरनं विचारलं.

"तूच पडला, बापा. पाणी पी."

इतक्या वर्षांत मध्ये माणूस न घालता झालेलं त्यांचं हे पहिलं बोलणं. साक्षीदार मी आहे.

परमेश्वरनं मुकाट्यानं सरबत पिलं, बिस्किटं खाल्ली, सांगितलं तेवढा वेळ बसला. दुपारी शिवकन्येला पहिली पिशवी लावली. तो खाटेजवळ उभा राहून वरच्या पिशवीकडं बघत राहिला, जणू तिच्यावर कुठंतरी 'रेणुकामाता प्रसन्न' लिहिलेलं सापडेल. संध्याकाळपर्यंत शिवकन्येनं पंखा लावायला सांगितला. जयवंताबाईनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच परमेश्वरला हाकललं. बायकांच्या वॉर्डात पुरुषमाणसाचं काय काम, उद्या या म्हणाली.

जाताना जान्हवीनं दोघांनाही बजावलं, की पट्टी चार तास काढायची नाही, त्या हातानं जड उचलायचं नाही, आणि आज गाडी चालवायची नाही, माणसं भरून तर मुळीच नाही. त्यामुळं जाफराबादच्या लोकांना जे बघायला मिळालं ते पुन्हा मिळणार नाही. दोन जीपा जालन्यात उभ्या राहिल्या आणि दोन जीपवाले, ज्यांनी सगळी हयात एसटीच्या पुढं घुसून तिची माणसं पळवण्यात घालवली, ते एकाच बाकावर शेजारी शेजारी, हाताला सारख्या पट्ट्या लावून, एसटीतून स्टँडावर उतरले. कंडक्टरनं त्यांना तिकीट देताना जे तोंड केलं, तेवढ्यासाठी माणसानं रक्त द्यावं.

ऑपरेशन झालं. नीट झालं. शिवकन्या घरी आली, आधी भिंत धरून, मग भिंत सोडून. सोयाबीनच्या खुरपणीपर्यंत ती अंगण एका दमात झाडायला लागली. तिची नखं गुलाबी झाली, तांदळाचा डबा भरलेला राहायला लागला. आणि परमेश्वर स्टँडावर नवंच रडगाणं गायला लागला.

"आबा, ही आधी अशी नव्हती. आता शब्दाला शब्द देती. काल म्हणली, आवाज हळू करा, घरात बहिरं कोणी न्हाई. मला! माझ्या घरात!" मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात, "ते रगत त्याचंच हाये. माझी खात्री हाये. ती बोलती तवा मधीच रामप्रसादवाणी हॉर्न दिल्यासारखं बोलती."

आता एक गोष्ट तुमच्या-माझ्यात सांगतो. रामप्रसादच्या रक्ताचा गट एबी आहे. पेढीनं त्याला कार्ड दिलं, ते त्यानं जीपमध्ये देवीच्या फोटोखाली चिकटवलंय, स्टँडावरच्या पोरासोरांनी वाचलंय. शिवकन्येचा गट ओ. एबीचं रक्त ओ गटाला कधीच चढवत नाहीत, एवढं आता सांडूलासुद्धा पाठ झालंय. स्टँडावर हे माहीत नसलेला माणूस एकच, कारण रामप्रसादच्या जीपमध्ये डोकावायचं नाही असं त्यानं ठरवलंय. आम्ही कोणी सांगत नाही. शिवकन्येलाही माहीत आहे. तीही सांगत नाही. घरात इतकी वर्षं तिच्या हातात काही नव्हतं, तर एवढं तरी असू द्यावं.

परवा मी त्याच्या ओट्यावर चहाला बसलो होतो. पेढीचा फोन आला होता, की तीन महिने होऊन गेले, आता पुन्हा देता येईल, सणासुदीत कमी पडतंय. परमेश्वर सांगत होता, की आज अमावस्या आहे, उद्या गाडीचं काम आहे आणि परवा तर काय गुरुवार. आतून शिवकन्येचा आवाज आला. चांगला खणखणीत. पलीकडच्या घरातल्या बाया थांबल्या, असा.

"आज जा."

"बघितलं का, आबा?" परमेश्वर माझ्याकडं झुकून म्हणाला. "हे बोलणं हिचं न्हाई. त्याचं रगत बोलून राह्यलं."

तिनं ऐकलं. ती दारात आली, हातात ताट, ताटात दोन भाकरी, पिठलं आणि कांदा.

"रगत कोणाचं का असंना," ती म्हणाली, "बोलणारी मीच हाये. आधी दम नव्हता, येवढंच." तिनं ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं. "खाऊन घ्या. उपाशी गेलात तर पुन्हा माघारी पाठवतील."